बांबूतलं भोक

"आडोसा दोन्हीकडून आंधळा असतो, पोरी," रोपवाटिकेतली व्हॅल म्हणाली होती. "आणि आंब्याच्या सावलीतला बांबू उजेडाकडे झुकणार. म्हणजे शेजाऱ्याच्याच अंगणात."

ब्रॉनीने ते कानाआड केलं. तिला आडोसा हवा होता, तोही लवकर. नवरा लॅकी पंधरा-पंधरा दिवस खाणीवर. व्हरांड्यात बाळाला पाजायला बसलं की जाळीच्या कुंपणापलीकडे चार डोळे. सव्वासहा फुटी डेझ, आणि त्याच्यापुढे चाकाच्या खुर्चीत त्याची बायको नोरीन. अर्धांगवायूने तिचं उजवं अंग गेलं होतं, वाचाही. ती नुसती टक लावून बघायची. मग डेझ खुर्ची आत ढकलायचा आणि आतून शिव्या, फुटणाऱ्या बश्या ऐकू यायच्या.

वर्षभरात हिरवी भिंत उभी राहिली. ब्रॉनी निर्धास्त झाली.

एका सकाळी कोयत्याचा आवाज आला. खच्च. खच्च. ती बाळाला कडेवर घेऊन धावली. भिंतीला भोक पडलं होतं. नेमकं तेवढ्याच उंचीवर, जिथून पाजायला बसलेली ती दिसावी.

तिने आडवे बांबू तारेने आवळून भोक बुजवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकेका बांबूवर दहा-दहा घाव, सगळे अर्धवट, चिरफाळलेले. एवढी चीड!

"डेझ, काय चालवलंयस हे?" तिने फाटकातूनच विचारलं.

"हयात ऊस तोडण्यात गेली गं. हात शिवशिवतात." तो हसला. "माझ्या हद्दीत झुकलं, ते माझं."

"घरात तान्हं बाळ आहे माझं!"

"मग बुजव की नीट. थांब." त्याने शेडमधून पत्रा काढून दिला. "घे. मिटलं भांडण. काय?"

भला माणूस नसेल, पण निदान ऐकतो तरी, असं तिला वाटलं. तिने पत्रा खांबांना करकचून बांधला.

तीन दिवस पत्र्यावर घाव बसत राहिले. बाळ दचकून रडायचं. "काय हलकट माणूस आहे!" ती फोनवर लॅकीला म्हणाली. "देतो पत्रा आणि तोच बडवतो." चौथ्या दिवशी सगळं शांत झालं. बाळ दुपारभर झोपलं.

सहाव्या दिवशी पत्र्यामागे नवे कोंब वाकडे झालेले दिसले, म्हणून तिने तार सैल केली. पत्रा कलला. पलीकडे मातीत कोयता पडला होता, शेजारी चाकाची खुर्ची उलटलेली होती, आणि घरापासून बांबूपर्यंत दोन चाकांच्या खोल चाकोऱ्या उमटल्या होत्या. या खेपेला चाकं परत गेली नव्हती. फक्त घराकडे काहीतरी ओढत नेल्याचा एक रुंद पट्टा.

तिने अर्धवट घावांवरून बोट फिरवलं. ऊसतोड्याला दुसरा घाव लागत नाही.

तिने पोलिसांना फोन केला. त्यांना यायला पाऊण तास लागणार होता. तिने गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं:

"हे जे कोणी वाचाल, ते आत्ताच्या आत्ता डेझकडे, चौदा नंबरमध्ये जाऊन नोरीनला बघा. ती डाव्या हाताने मला हाका मारत होती."