कूलरची घरघर

धडधडत्या डान्स ट्रॅकच्या तळाशी एखादा घरचा ध्वनी हवाच, या हट्टापायी अकोल्याच्या पौर्णिमाने जुन्या कूलरची घरघर ध्वनिमुद्रित करून अख्ख्या ट्रॅकभर अंथरली. मामेबहिणीच्या लग्नात तो प्रथमच वाजणार होता.

"पोरी, मांडव नाचला नाही, तं हे डबडं कायमचं बंद करजो," वामनमामांनी बजावले.

मे महिन्यातली दुपार होती, मांडवात एकही कूलर नव्हता आणि पंगत नुकतीच उरकली होती. ट्रॅक सुरू होताच पाहुण्यांच्या माना कलू लागल्या. नवरदेव तर नवरीच्या खांद्यावर चक्क घोरू लागला. हिरमुसून पौर्णिमाने ट्रॅक थांबवला.



त्यासरशी अख्खा मांडव घाम पुशीत जागा झाला आणि सर्वांत आधी वामनमामाच कडाडले, "लाइट गेली काय बे?"