मिलानची जागा

फ्रीजमधून काढलेल्या वाइनमध्ये एकही बुडबुडा उरला नव्हता. काल श्रीरंगनं रंगीत तालीम म्हणून बाटली उघडली होती आणि उरलेली वाया जाऊ नये म्हणून तोंडावर वाटी पालथी घालून ठेवली होती.

बाहेर हॉलमध्ये टिपणीस साहेब बसले होते. मिलानच्या ऑफिसात कोणाला पाठवायचं ते त्यांच्या हातात होतं, आणि फेसाळत्या इटालियन कॉकटेलवर त्यांचा जीव होता.

"फेसच पाहिजे ना तुला?" असं म्हणत बायकोनं, मृण्मयीनं, नारिंगी कॉकटेलच्या ग्लासात ॲसिडिटीवरची अख्खी पुडी ओतली. ग्लास उतू जाईस्तोवर फसफसला. दुसरा इलाज नव्हता. श्रीरंगनं वर संत्र्याची चकती लावली आणि ग्लास बाहेर नेला.

साहेबांनी तो एका दमात संपवला, डोळे मिटले आणि पडदा हलेल असा ढेकर दिला.

"आठ वर्षांत पहिल्यांदा पोट हलकं वाटतंय," ते म्हणाले. "केलंय कोणी हे?"

"मीच, सर," श्रीरंग अदबीनं म्हणाला.

साहेबांनी ग्लास पुढे केला. "अजून एक आणा. मिलानला तुमचंच नाव टाकलं होतं मी. आता गुर्जरला पाठवू. तुम्ही मला इथंच लागणार."