कितव्या पानावर?

“मग त्या मामाने काय केलं?” तपासणीसबाईंनी विचारलं.

वकीलताई भिंतीला टेकून उभी होती. हे तिचं टोपणनाव. वय अवघं बारा, पण वादात कुणाला हार जायची नाही, म्हणून अनाथाश्रमातल्या पोरांनी तिला ते बहाल केलं होतं. समोर चाळीस मुलं रांगांमध्ये बसली होती. बाईंच्या खुर्चीमागे अधीक्षक हात बांधून हसतमुखाने उभे होते.

गोष्टीची कल्पना त्यांचीच. बाई मुलांना खाण्यापिण्याचं विचारू लागल्या, तसे ते घाईने मध्ये पडले. “अहो, आमची ही मुलगी गोष्ट फार छान सांगते. परवाच एक कादंबरी संपवलीय तिने. दोन पोरकी भावंडं आणि त्यांच्या घरावर टपलेला मामा. ऐका तर.” सकाळी मात्र तिला जिन्याखाली गाठून त्यांनी वेगळंच ऐकवलं होतं. “आज जीभ सैल सोडलीस, तर तुझा भाऊ उद्या दुसऱ्या आश्रमात. मग बस शोधत.”

भाऊ पहिल्याच रांगेत होता. सहा वर्षांचा. खोकला दाबून दाबून त्याचे कान लाल झाले होते.

गोष्ट निम्म्यावर आली होती. आईवडील गेले, भावंडं मामाकडे आली, मामाने गोड बोलून त्यांना माळ्यावर ठेवलं. पुस्तकात इथून पुढे ती दोघं होडीतून पळतात. पोरांना हे तोंडपाठ होतं. तिनेच दोनदा वाचून दाखवलं होतं.

तिने भावाकडे पाहिलं आणि बोलायला लागली.

“मामा चारचौघांत फार प्रेमळ होता. थंडी पडली तेव्हा लोकांनी मुलांसाठी नवीन ब्लँकेटं पाठवली. निळी, चांगली जाडजूड. मामाने ती मुलांच्या अंगावर घालून फोटो काढले. फोटो झाल्यावर म्हणाला, घड्या घालून परत द्या. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराशी टेंपो लागला.”

रांगेतली चुळबूळ थांबली. कुणी कुणाकडे बघेना.

“अगदी शकुनीमामा म्हणायचा,” बाई म्हणाल्या. “मग मुलं पांघरत काय?”

“दोघांत मिळून एक चादर. धाकट्याला खोकला लागला. बहिणीने औषध मागितलं, तर मामा म्हणाला, सोंगं करू नका.”

अधीक्षकांचं हसू ओठांवरच सुकलं. “पुरे गं आता, बाईंना उशीर होतोय. हे लेखक लोक काय, वाट्टेल ते लिहितात. पुस्तकातल्या गोष्टी त्या, मनावर घ्यायच्या नसतात.”

तेवढ्यात भावाला उबळ आली. या वेळी त्याला ती दाबता आली नाही. तो खोकत राहिला आणि बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मांडीवरची मिटलेली फाईल त्यांनी सावकाश पुन्हा उघडली.

“पुस्तक वाचायला हवं मला,” त्या म्हणाल्या. “हे ब्लँकेटांचं कितव्या पानावर आहे, बाळ?”

बाईंच्या डोक्यावरून अधीक्षकांनी आधी वकीलताईकडे पाहिलं, मग मुद्दाम तिच्या भावाकडे. कुठलाही एक आकडा सांगितला असता, तरी निभावून गेलं असतं. बाई फाईल मिटून निघून गेल्या असत्या. भाऊही इथेच राहिला असता, त्याच चादरीत.

 ती भिंतीपासून निघाली, पहिल्या रांगेत गेली आणि भावाचा हात घट्ट धरून उभी राहिली.

“कुठल्याच पानावर नाही, बाई,” ती म्हणाली. “ती ब्लँकेटं आमची होती.”