गिऱ्हाइकांची वही

"राहत्या घरात धंदा करताय, तर दिवसाला चारच गिऱ्हाइकं. तीही एका वेळी एकच. माहीत आहे ना?"

दारातल्या माणसाच्या गळ्यात ओळखपत्र होतं, काखेत फाइल. शिंपीणबाईंची कात्री कापडातच थांबली. मशीनशेजारी नेमक्या दोन बायका मापं द्यायला बसल्या होत्या.

"तक्रार आलीय का, साहेब?"

"त्याशिवाय कोण फिरतं या उन्हात?" तो मऊ आवाजात म्हणाला. "घाबरू नका, मावशी. एक वही ठेवा. प्रत्येकीचं नाव, पत्ता, फोन. गुरुवारी येतो बघायला. वही नसली तर मशीनला सील लागेल."

बाईंचा फोन नंबर लिहून घेऊन तो गेल्यावर सासूबाई आतून म्हणाल्या, "माझं लग्न ठरवताना पण एवढी चौकशी केली नव्हती कुणी."

बाईंना हसू आलं नाही. नवरा गेल्यापासून बारा वर्षं हे मशीनच घर ओढत होतं. संध्याकाळीच त्यांनी दुकानातून वही आणली आणि पट्टीनं रकाने आखले.

गिऱ्हाइकं कुरकुरली, पण लिहून गेली. मंगळवारी त्या साहेबांचा फोन आला.

"आज किती?"

"तीन."

"सगळ्या जुन्याच?"

"हो."

"नवीन कुणी आली तर पत्ता पूर्ण घ्या. घर नंबरासकट."

बुधवारी एक नवीन आली. तिशीची असेल. पिशवीत कुणाचे तरी वापरलेले तीन कपडे होते, दोन मापं मोठे. ते अंगाबरोबर करून हवे होते. दंडाला टेप लागताच ती कळवळली. बाईंनी टेप सैल सोडली. विचारलं काही नाही.

वही पुढे केली, तेव्हा तिनं नाव आणि फोन लिहून पेन खाली ठेवलं.

"पत्ता राहिला."

"पत्ता नको ना, काकू."

"अगं, नियम आहे. उद्या साहेब येणार बघायला. माझं मशीन बंद होईल."

"कोण बघतं ही वही?"

"सरकारी काम. कागदात कागद जाईल, परत कुणी उघडूनही बघणार नाही. लिही, माझ्यासाठी."

तिनं पेन उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. मग बारीक अक्षरात तिनं पत्ता लिहिला. जाताना दाराआडून गल्ली दोन्ही बाजूंनी बघितली आणि भराभर निघून गेली.

गुरुवारी तो ठरल्या वेळी आला. ओळींवरून त्याचं बोट खाली सरकत गेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. बाई मशीनवरून उठल्या.

"काही चुकलं का?"

"छे. अगदी हवं तसं." त्यानं पान अलगद फाडून घडी केली. "हे ऑफिसला जमा करतो. आता त्रास नाही देणार, मावशी."

त्या रात्री बाई आठवड्यात पहिल्यांदा शांत झोपल्या.

शुक्रवारी सकाळी दहाला ती कपडे न्यायला येणार होती. अकरा वाजले तरी आली नाही.

"पान दिलंस, पण पावती घेतलीस का?" सासूबाईंनी विचारलं. "उद्या म्हणतील, दिलंच नाही."

बाई चपला घालून तडक नगरपालिकेत गेल्या. परवाना विभागाच्या टेबलामागे चष्मा लावलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"चार गिऱ्हाइकांचा नियम खरा आहे. पण गिऱ्हाइकांचे पत्ते आम्ही कधीच मागत नाही."

"मग ते साहेब?"

"तुमच्या भागाची तपासणी मीच करते. इथे साहेब नाहीतच कुणी." चष्मेवाल्या बाई पुढे झुकल्या. "या आठवड्यात हे विचारायला आलेल्या तुम्ही पाचव्या. सगळ्या शिवणकाम करणाऱ्याच. तो कुणाला शोधतोय का?"

बाई घरी कशा पोचल्या, त्यांनाच कळलं नाही. तयार कपड्यांना टाचलेल्या चिठ्ठीवर तिचा नंबर होता. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला.

बराच वेळ रिंग वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला.

"ठीक आहेस ना गं?" बाई म्हणाल्या. "मी शिंपीणकाकू बोलतेय."

"बोला, मावशी," तो म्हणाला.