खुर्चीवरचं बोंड

“अहो, तिथं नका बसू!”

सिरिल ब्रॅडवेल अर्धा वाकला होता, तो तसाच सरळ झाला. गुडघ्यातून कळ गेली. हवेलीच्या दिवाणखान्याची राखण करणाऱ्या बाईंनी खुर्चीकडे बोट दाखवलं. रेशमी गादीवर एक सुकलेलं काटेरी बोंड ठेवलं होतं. ‘बसू नये’ अशी पाटी लावणं बरं दिसत नाही, म्हणून जुन्या खुर्च्यांवर असं बोंड ठेवायचं. समोरच्यानं काय ते ओळखायचं.

“चुकलंच माझं,” सिरिल म्हणाला. बोंडाचीही माफी मागेल असा माणूस. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण वर्गात कुणाला ‘गप्प बस’ म्हणताना त्याची जीभ अडखळायची.

असलंच एक बोंड सहलीच्या बसमध्येही होतं. फक्त ते निळं होतं, कातड्याचं होतं आणि त्याला पितळी कडी होती. ती मेव्हिस थर्लोची पर्स.

मागल्या वर्षीच्या सहलीत शेवटच्या दिवशी योगायोगानं त्याला मेव्हिसशेजारची जागा मिळाली होती. तीही त्याच्यासारखीच एकटी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सिरिलचं गाव बोल्टन येईपर्यंत दोघं हसत होती. हवेल्यांमधल्या तसबिरीतल्या सगळ्या लॉर्डांना एकच नाक कसं, यावर. तो उतरताना ती म्हणाली होती, “पुढच्या वर्षी याल ना?” त्या एका प्रश्नावर सिरिलनं अख्खं वर्ष काढलं. नवा कोट शिवला. केस कापून घेतले, उरले होते तेवढे.

बस प्रेस्टनहून मेव्हिसला घेऊनच बोल्टनला आली. ती खिडकीशी बसली होती. शेजारच्या सीटवर पर्स होती. सिरिलच्या पुढं त्याच्याच गल्लीतली डोरीन चढली. तिचा एक गुडघा कामातून गेलेला आणि जीभ मात्र ठणठणीत. डोरीन पर्सपाशी थांबली, खाली वाकून काही विचारलं, मेव्हिसनं हसून मान हलवली, तशी डोरीन कण्हत पुढं गेली. मग सिरिल आला. त्याला पाहताच मेव्हिसचा हात पर्सवर गेला.

“असू दे, असू दे,” सिरिल घाईघाईनं म्हणाला आणि तिच्या तोंडाकडे न बघता थेट मागं जाऊन बसला.

पहिल्या सकाळी जो जिथं बसला, ती त्याची आठवडाभराची जागा. असा नियम कुठं लिहिलेला नाही, पण तो मोडलेलाही कुणी पाहिलेला नाही. सिरिलच्या वाट्याला एक निवृत्त खाटीक आला. त्यानं आपल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची कथा हप्त्याहप्त्यानं सांगितली. हवेल्या आल्या, गेल्या. संगमरवरी पुतळे, कापून पक्ष्यांच्या आकाराची केलेली झुडपं, कारंजी. सिरिलला आठवते ती फक्त समोरच्या सीटांमधल्या फटीतून दिसणारी पितळी कडी. रोज सकाळी ती तिथंच असायची. एकदा विचारायला काय जात होतं? पण विचारलं असतं, तर बिचारीला तोंडानं नाही म्हणावं लागलं असतं. बाईला तशा पेचात टाकणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

सहलीच्या शेवटून दुसऱ्या दिवशी गुलाबांच्या बागेत चहा होता. एकाच टेबलाशी सिरिल, मेव्हिस आणि डोरीन.

“मुलगा ॲडलेडला बोलावतोय, कायमचं,” मेव्हिस म्हणाली. “सहलीहून आले की सांगते म्हटलंय.” तिनं स्कोनवर जॅम लावला, तो कडेपर्यंत नीट पसरला. “जावं म्हणतेय. इथं मला अडवणारं कोण आहे?”

मी अडवतो. दोनच शब्द होते. ते सिरिलच्या ओठांपर्यंत आले, आणि त्याला पर्स आठवली.

“हवा मात्र छान असते म्हणे तिकडची,” तो म्हणाला.

“हो, असते म्हणे,” मेव्हिस म्हणाली, आणि रिकामे कप गोळा करायला लागली. ते काम तिचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बस बोल्टनला थांबली. मेव्हिसच्या सीटपाशी सिरिलनं हॅट काढली आणि प्रवासाला शुभेच्छा दिल्या. तिनंही दिल्या. कसल्या, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. तो खाली उतरला, डोरीनची बॅग उतरवून घेतली. बस हलली. काचेपलीकडे मेव्हिसनं शेजारच्या सीटवरची पर्स उचलली आणि मांडीवर घेतली. तिनं बाहेर पाहिलं नाही. सिरिलनं वर केलेली हॅट बस वळणाआड जाईपर्यंत तशीच धरून ठेवली.

अशा वेळी विनोद करायचा, एवढंच त्याला आयुष्यभर जमलं होतं.

“पर्सची सहल मात्र झकास झाली,” तो म्हणाला. “आठवडाभर अख्खी सीट तिला एकटीला!”

“हसा, हसा!” डोरीन गुडघा चोळत म्हणाली. “माझ्या पायाची काय दशा झाली ते मला ठाऊक. पहिल्या दिवशी मी ती जागा मागितली, तर म्हणते कशी, ‘माफ करा हं, इथं मिस्टर ब्रॅडवेल बसणार आहेत.’ म्हटलं, आता एवढे दिवस झाले, बघावं. म्हणून आज सकाळी पुन्हा मागितली. तर तेव्हाही तेच.”