ट्रॅपमधलं पाणी

लहूला घर मिळालं. साहेबांनी बेसिनखालून मान बाहेर काढली, ‘पास’ म्हणाले, आणि मंजुळाने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. आता हे विसरायचं. कारण असं काही घडलंच नाही.

घडलं ते एवढंच, की खंडेनवमीच्या सकाळी लहू आणि त्याची बायको मंजुळा परळच्या एका नव्या इमारतीत, सातव्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत उभे होते. चढून आले होते. लिफ्ट अजून बसायची होती. इमारत संपातल्या गिरणी कामगारांसाठी होती. ज्या गिरणीत लहूने साचे चालवले, म्हणजे माग, तिच्याच आवारात, मागच्या भिंतीला टेकवून बांधलेली. पुढे टॉवर होता. ऊन टॉवरला होतं, इमारतीला टॉवरची सावली. लालबागची चाळ उद्या रिकामी करून द्यायची होती. आज तपासणीत इमारत पास झाली, तर संध्याकाळी चावी. नाही झाली तर बांधलेली बोचकी कुठे न्यायची, हा विषय नवराबायकोने घरात काढलाच नव्हता. तपासणीला नमुना म्हणून नेमकी लहूचीच खोली निघाली होती.

बाथरूमात बेसिन होतं. बेसिनखाली, जिथे बाकीच्या जगात प्लास्टिकचा वाकडा पाइप असतो, तिथे पितळेचा ट्रॅप लखलखत होता. पोट कळशीसारखं, अंगभर वेलबुट्टी. टॉवरसाठी मागवलेला माल. टॉवरवाल्यांना रंग आवडला नाही, म्हणून कामगारांना.

लहू बघतच राहिला. पूर्वी ह्या दिवशी साचेखात्यात प्रत्येक साच्याला हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची. संपानंतर पूजा करण्यासारखं एकही यंत्र त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. वॉचमनची काठी आली होती, पण काठीला काय ओवाळणार? तो बेसिनखाली गुडघ्यांवर बसला, मंजुळाच्या पिशवीतल्या कुंकवात बोट बुडवलं आणि ट्रॅपच्या पोटावर टेकवलं. दाराला बांधायला आणलेल्या तोरणातला एक झेंडूही काढून त्याच्या गळ्यात खोवला.

“ओ, हळदकुंकू साच्याक लावतत,” मंजुळा म्हणाली. “ह्या गटाराचा आसा.”

“पितळ आसा ना? मगे झाला तर.”

तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. मागून बिल्डरचा सुपरवायझर जयवंत. साहेब घाईत होते. त्यांच्या ऑफिसात बारा वाजता फायलींची पूजा होती. त्यांनी वाकून बघितलं.

“हा ट्रॅप आहे की देव?”

“ट्रॅपच, साहेब,” जयवंत म्हणाला. “इम्पोर्टेड पीस आहे. टॉवरला लागणार होता.”

“शोभेचा दिसतो.”

“शोभेचा चालत नाय काय, साहेब?” लहूने विचारलं.

“शोभेला नियमाची हरकत नाही. ट्रॅपच्या पोटात दोन इंच पाणी कायम उभं राहायला हवं. ते पाणी गटाराचा वास अडवतं. पाणी दाखवा, पास करतो.”

जयवंतने नळ सोडला. नळ नुसता खोकला. “पाण्याचं कनेक्शन तुमच्या सर्टिफिकेटवर मिळतं, साहेब.”

“आणि सर्टिफिकेट पाण्यावर.”

भांडण नव्हतं. दोघांचंही बरोबर होतं. असं दोन्हीकडचं बरोबर असलं, की मधे उभ्या असलेल्याचं घर जातं, हे लहूला संपापासून माहीत होतं.

मंजुळाच्या हातात तांब्या होता. गृहप्रवेशाचा. चाळीच्या नळाचं पहाटेचं पाणी, वर आंब्याची पानं, त्यावर नारळ. सात मजले तिने तो कुणाच्या हातात दिला नव्हता. लहूने नारळ उतरवून तिच्याकडे दिला, पानं खिशात घातली.

“पूजेचा पाणी आसा ता,” ती म्हणाली.

“घरच नाय गावला तर पूजा खंय करतलंस?”

त्याने तांब्या बेसिनमध्ये उपडा केला. पाणी घोट घेतल्यासारखं खाली गेलं. साहेबांनी झाडूची काडी बेसिनच्या भोकातून आत सोडली, बाहेर काढली, बोटांनी मापली. दोन इंच भिजली होती. मग खाली शिरून त्यांनी ट्रॅपच्या बुडाला बोट लावलं. बोटाला कुंकू लागलं, पाणी लागलं नाही.

“एक थेंब गळत नाही. पास.”

इथे ती साखर.

साखर खाता खाता साहेबांनी पेन उघडलं आणि थांबले. “इमारतीत पाणी नाही, असं फॉर्मवर वर मीच लिहिलंय. खाली ट्रॅपमध्ये पाणी आहे, असं कसं लिहू? कुणी विचारलं, आलं कुठून?”

“आमच्या चाळीतलं, साहेब,” लहू म्हणाला.

“चाळीचं कनेक्शन गेल्याच महिन्यात तोडलंय.”

“आज पहाटे पाणी होतं.”

“कागदावर तोडलंय. म्हणजे तिथेही पाणी नाही. जे पाणी तिथे नाही, ते इथे येणार कसं?” साहेबांनी बोटाचं कुंकू भिंतीला पुसलं. “तुम्ही ओतलं नाही, मी बघितलं नाही. पुढची तपासणी दिवाळीनंतर.”

“काका, टेन्शन नका घेऊ,” जयवंत म्हणाला. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

मंजुळाने रिकाम्या तांब्यावर नारळ परत ठेवला. तो आत घसरला. तिने काढून पुन्हा ठेवला आणि हाताने धरून उभी राहिली.

“काही मागणं असेल तर अर्ज द्या,” दारातून साहेब म्हणाले. “अर्ज मी घेतो.”

लहूने जयवंतकडून पेन घेतलं. उंबऱ्यावर बसून टाइल्सच्या खोक्याचा पुठ्ठा मांडीवर घेतला. संपात त्याने असे पुष्कळ अर्ज लिहिले होते. हात अडला नाही.

“मा. महोदय, चाळीत पाणी नाही, सदर इमारतीत पाणी नाही व आम्हांस घर नाही, हे सर्व आम्हांस मान्य आहे. तथापि सदर ट्रॅपमध्ये आमचे दोन इंच पाणी राहिले आहे. ते आमचे आम्हांस परत मिळावे, ही नम्र विनंती.”