न उडणारा फ्यूज

गिझर आणि इस्त्री एकदम चालू झाली की राघोच्या घरचा फ्यूज उडायचा, आणि अंगाला साबण लावून बसलेली त्याची बायको ललिता मोरीतून ओरडायची. टेमघरच्या लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, उभा जन्म काढलेल्या राघोला हा स्वतःचा अपमान वाटे. शेवटी कारखान्यात करतात तशी त्यानं फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार पिळून घातली आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "आता याचा बाप आला तरी उडायचा न्हाय!"

फ्यूज खरंच उडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गिझरचा प्लग वितळला, वायर छतापर्यंत जळत गेली, आणि ललितानं धावत जाऊन मेन स्विच बंद केला म्हणून घर वाचलं. काळ्याठिक्कर भिंतीसमोर राघो तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. फ्यूज मात्र ठणठणीत होता.

तेवढ्यात शेजारच्या कमळामावशी दारात आल्या आणि आत न बघताच म्हणाल्या, "राघो, आमचा फ्यूज पण सारखा उडतोय रे. तुझ्यासारखी तार घालून दे ना."

राघोनं हात जोडले. "उडतोय ना, मावशी? मग तो माझ्यापेक्षा शहाणा हाय. उडू दे त्याला."